मंत्रालयात नगरपालिकेची बाजू कशी मांडायची: ठरावापासून शासन निर्णयापर्यंत

डिसेंबर २०२५ मध्ये राज्यातल्या नगरपरिषदा आणि नगरपंचायतींच्या निवडणुका झाल्या. त्याआधी कित्येक गावांत वर्षानुवर्षं प्रशासकच कारभार बघत होते. आता पुन्हा नगराध्यक्ष आणि नगरसेवक आले आहेत. त्यातले बरेच जण पहिल्यांदाच निवडून आलेत आणि पाणीयोजना, रस्ते, अपुरं अनुदान अशा मागण्या घेऊन पहिल्यांदाच मुंबई गाठताहेत. हा लेख त्यांच्यासाठी आणि त्यांच्याबरोबर येणाऱ्या मुख्याधिकाऱ्यांसाठी आहे.

राज्य सरकारकडे लहान नगरपरिषदांची बाजू मांडणं, हे काम मी बरीच वर्षं करतो आहे. या काळात एक गोष्ट पक्की कळली. मागणी मंत्र्यांच्या दालनात मांडली जाते, पण तिचं काय होणार हे बहुतेक वेळा कार्यासनावर, म्हणजे विभागात तो विषय हाताळणाऱ्या टेबलावर, ठरतं. सहायक कक्ष अधिकारी फाइलवर जी पहिली टिपणी लिहितो, तिच्यावर पुढचा सगळा प्रवास अवलंबून असतो. ती टिपणी तुमच्या बाजूने लिहिणं त्याला सोपं जावं, यासाठीच पुढची सगळी खटपट आहे.

मुंबईला निघण्याआधी: मागणी नेमकी कोणाकडची?

पहिला प्रश्न हा विचारा की हे काम खरंच मंत्रालयातलं आहे का. नगरोत्थान महाअभियानाचे राज्यस्तर आणि जिल्हास्तर असे दोन भाग आहेत. जिल्हास्तराचा निधी जिल्हा नियोजन समितीतून येतो आणि त्या समितीचे अध्यक्ष पालकमंत्री असतात. वस्ती सुधारणा योजनांचंही बरंचसं तसंच. अशा कामासाठी मुंबईला आलात तर इथला अधिकारी तुम्हाला नम्रपणे जिल्हाधिकारी कार्यालयात परत पाठवेल. गाडीभाडं आणि दिवस दोन्ही वाया.

काम मंत्रालयातलंच असेल तर मागणीचा प्रकार ओळखा, कारण प्रत्येक प्रकाराची वाट वेगळी असते. चालू योजनेत, तरतूद असलेल्या लेखाशीर्षातून (अर्थसंकल्पातल्या खर्चाच्या खात्यातून) पैसे हवे असतील तर ती सर्वांत सोपी मागणी. तरतूदच नसेल तर वित्त विभागाशी गाठ आहे. नियमातून सूट हवी असेल, सुधारित आकृतिबंधाला, म्हणजे मंजूर पदांच्या रचनेला, मंजुरी हवी असेल, विकास आराखड्यातलं आरक्षण बदलायचं असेल तर पैशाचा प्रश्न मागे पडतो आणि नियम, पूर्वोदाहरण, विधी व न्याय विभागाचा अभिप्राय हे पुढे येतात. आणि १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमातच दुरुस्ती हवी असेल तर ती लढाई एका गावाने एकट्याने लढायची नसते. त्याबद्दल खाली सविस्तर लिहिलं आहे.

नगरविकास विभागाचे दोन भाग आहेत. ढोबळमानाने नवि-१ कडे नगररचना, विकास आराखडे वगैरे, आणि नवि-२ कडे नगरपालिका प्रशासन. विकास आराखड्याचा अर्ज नवि-२ मध्ये दिलात तर तो योग्य जागी पोचेल, पण कधी ते सांगता येत नाही. आपलं कार्यासन कोणतं, हे शोधायची एक साधी युक्ती आहे. शासन निर्णयांच्या संकेतस्थळावर तुमच्यासारख्याच विषयाचा अलीकडचा जीआर काढा. त्याच्या माथ्यावर क्रमांकात शेवटी ‘नवि’ आणि त्यापुढे आकडा असतो. ते तुमचं कार्यासन. खाली ज्यांची सही आहे ते अवर सचिव किंवा उपसचिव, म्हणजे तुमची फाइल ज्यांच्याकडे जाणार ते पद.

एक सूचना इमारतींबद्दल. ‘मंत्रालय’ म्हणजे सगळं मादाम कामा मार्गावरच्या एकाच इमारतीत आहे, असं समजून लोक येतात. पाणीपुरवठा व स्वच्छता विभाग क्रॉफर्ड मार्केटजवळच्या गोकुळदास तेजपाल रुग्णालयाच्या संकुलात बसतो. ग्रामविकास विभागाचं काम असेल तर फोर्टमध्ये मर्झबान पथावरचं बांधकाम भवन गाठावं लागतं. नगरपरिषद प्रशासन संचालनालय तर नवी मुंबईत, बेलापूरला आहे. एका दिवसात तिन्हीकडे जायचं ठरवाल तर कुठलंच काम धड होणार नाही.

ठराव नीट लिहा, बाकी नंतर

मंत्रालयात अडलेल्या कितीतरी फायलींचं मूळ गावातल्या सभागृहात असतं. ठराव असा लिहिलेला असतो: ‘शहरातील पाणीटंचाई लक्षात घेता शासनाकडे निधीची मागणी करण्यात यावी. सर्वानुमते मंजूर.’ यातून कार्यासनाला काहीच मिळत नाही. किती निधी, कोणत्या योजनेतून, कोणत्या कामासाठी, जागा कोणाची, स्वहिस्सा कोण भरणार, काम झाल्यावर देखभाल कोण करणार?

तोच ठराव असा हवा: ‘अमुक प्रभागातील अमुक लाख लिटर क्षमतेची उंच टाकी व वितरण वाहिनी या कामाच्या, तांत्रिक मान्यता मिळालेल्या अमुक रकमेच्या अंदाजपत्रकास ही सभा मान्यता देते. सदर प्रस्ताव अमुक योजनेअंतर्गत शासनास सादर करावा. योजनेच्या निकषानुसार येणारा नगरपरिषदेचा हिस्सा स्वनिधीतून भरण्यास व काम पूर्ण झाल्यानंतर देखभाल-दुरुस्तीचा खर्च करण्यास ही सभा मान्यता देते. जागा नगरपरिषदेच्या मालकीची असून उतारा सोबत जोडला आहे.’ सूचक, अनुमोदक, ठराव क्रमांक, तारीख. स्वहिश्श्याचं वाक्य नसेल तर त्रुटीचं पत्र येणारच, आणि त्यासाठी पुन्हा सभा बोलवावी लागणार.

विरोधी गटाला हा ठराव आधी दाखवा. अधिनियमाच्या कलम ३०८ खाली जिल्हाधिकारी ठरावाची अंमलबजावणी निलंबित करू शकतात, आणि नाराज नगरसेवकाची तक्रार तिथेच जाते. तक्रार दाखल असलेला ठराव मंत्रालयात कोणी हातात धरत नाही. चार विरोधकांच्या सह्यांसकट आलेल्या मागणीचं वजन मात्र खूप असतं. समोरच्या अधिकाऱ्याला ती एका गटाची न वाटता गावाची वाटते.

जिल्हाधिकाऱ्यांच्या पत्रातलं एक वाक्य

प्रस्ताव मुख्याधिकाऱ्यांच्या सहीने जिल्हाधिकारी कार्यालयाच्या नगरपालिका शाखेत जातो, तिथून विषयानुसार विभागीय आयुक्त किंवा संचालनालय, आणि मग मंत्रालय. वरच्या टप्प्याची घाई करून खालचा टप्पा गाळला तर एकच होतं. मंत्रालय तोच कागद ‘जिल्हाधिकाऱ्यांचे स्वयंस्पष्ट अभिप्राय मागवावेत’ असं लिहून खाली पाठवतं.

जिल्हाधिकाऱ्यांच्या अग्रेषण पत्राकडे फार थोडे लोक बारकाईने बघतात. त्यात शेवटी ‘प्रस्ताव पुढील योग्य त्या कार्यवाहीसाठी सादर’ असं लिहिलेलं असेल तर जिल्हाधिकाऱ्यांनी कागद फक्त पुढे ढकलला आहे. ‘प्रस्तावास मान्यता मिळण्याची शिफारस करण्यात येत आहे’ असं असेल तर ती शिफारस आहे. कक्ष अधिकारी हे वाक्य पहिल्यांदा शोधतो, कारण त्याला टिपणीत ‘जिल्हाधिकारी यांनी शिफारस केली आहे’ असं लिहिता येतं आणि त्याच्यावरची जबाबदारी हलकी होते. म्हणून पत्र निघण्याआधी जिल्हा कार्यालयात बसून शाखेच्या अधिकाऱ्यांना विनंती करा. शंका असतील तर तिथेच सोडवा. नंतर मुंबईत महिनाभर खपण्यापेक्षा ही एक दुपार कितीतरी मोलाची आहे.

टिपणीला लागणारं सगळं एका पानात

कार्यासनावरची टिपणी ठरलेल्या क्रमाने लिहिली जाते. विषय काय, पार्श्वभूमी काय, मागणी कोणत्या नियमात किंवा कोणत्या जीआरमध्ये बसते, याआधी असं कोणाला दिलं आहे का, शासनावर वित्तीय भार किती, तरतूद आहे का, इतर विभागांचे अभिप्राय लागतील का, आणि शेवटी ‘मान्य झाल्यास आदेशाचे प्रारूप सोबत, आदेशार्थ सादर’. या प्रत्येक मुद्द्याचं उत्तर तुमच्या एका पानी टिपणात असलं पाहिजे, त्याच क्रमाने.

पूर्वोदाहरणावर मी सर्वांत जास्त वेळ घालवतो. एखाद्या जिल्ह्यातल्या तुमच्याच वर्गाच्या नगरपरिषदेला हीच सवलत मिळाली असेल तर तो जीआर शोधून त्याची प्रत जोडा, संगणक सांकेतांकासकट. वर्ग महत्त्वाचा आहे. एक लाखाच्या वर लोकसंख्येच्या अ वर्ग नगरपरिषदेचा दाखला क वर्गाला लावला की वित्त विभागाचा पहिला प्रश्न तोच येतो. दाखला मिळाला तर अधिकाऱ्याला नवा पायंडा पाडायची भीती राहत नाही. मिळाला नाही तर ते लपवू नका. ‘अशी मागणी पूर्वी मान्य झाल्याचं आढळत नाही, मात्र आमची परिस्थिती या कारणाने वेगळी आहे’ असं सरळ लिहा. कारण मात्र आकड्यात सांगा. ‘तीव्र पाणीटंचाई’ हे शब्द प्रत्येक निवेदनात असतात. ‘दर आठव्या दिवशी पाऊण तास पाणी’ हे कुणी विसरत नाही.

योजनेच्या अटी आधी वाचा. पंधराव्या वित्त आयोगाच्या काळात, म्हणजे २०२१ ते २०२६ या वर्षांत, दशलक्षापेक्षा लहान शहरांना मिळणाऱ्या अनुदानातला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेला होता. त्या पैशातून रस्त्याची मागणी घेऊन आलेली माणसं मी पाहिली आहेत. मागणी रास्त, रस्ता खरोखर खराब, पण पैसा त्या कामाचा नाही. अशा वेळी दुसरी योजना शोधून द्यायची, हेही माझं काम असतं.

एका लहान नगरपंचायतीचं उदाहरण सांगतो. घनकचरा प्रकल्पाला जागा हवी होती, आणि निवेदनात पहिली दोन पानं स्वच्छतेच्या महत्त्वावर होती. जागेचा गट क्रमांक तिसऱ्या पानावर, सातबारा जोडलेलाच नाही. आम्ही ते सगळं बाजूला ठेवून एका पानावर गट क्रमांक, क्षेत्र, सध्याचा वापर, जवळच्या वस्तीपासूनचं अंतर, ग्रामस्थांची हरकत आहे की नाही, आणि रोजचा कचरा किती टन, एवढंच लिहिलं. मागे नकाशा. सहायक कक्ष अधिकारी मॅडमनी ते पान वाचलं आणि म्हणाल्या, “हे तुम्ही आधीच का नाही दिलंत? यावरच तर मला लिहायचंय.” सरकारी जागा महसूल विभागाच्या हातात असल्यामुळे वेळ गेलाच, पण ती फाइल त्रुटीसाठी परत आली नाही.

मंत्रालयातला दिवस

मंत्रालयात पाच दिवसांचा आठवडा आहे, शनिवारी कोणी भेटणार नाही. सामान्य अभ्यागतांना दुपारी दोननंतर प्रवेश मिळतो. डिजिप्रवेश ॲपवर नोंदणी गाडीत बसण्याआधीच करून ठेवा, आधार जवळ ठेवा. मेट्रो ३ चं विधान भवन स्थानक झाल्यापासून बाहेरगावच्या लोकांची मोठी सोय झाली आहे. चर्चगेटवरून चालतही येता येतं. मंत्रिमंडळाची बैठक असेल त्या दिवशी सचिव सापडत नाहीत. अधिवेशन चालू असताना तर सगळा विभाग प्रश्नांच्या उत्तरांत गुंतलेला असतो, तेव्हा कार्यासनावर जाऊन ‘आमच्या फाइलचं काय झालं’ विचारणं त्यांच्यासाठीही त्रासाचं आणि तुमच्यासाठीही निरुपयोगी.

पंधरा माणसं घेऊन येऊ नका. नगराध्यक्ष, मुख्याधिकारी, आणि विषय पैशाचा असेल तर लेखापाल, बांधकामाचा असेल तर अभियंता. तिघे पुरे. नगराध्यक्षांनी गरज सांगावी, मुख्याधिकाऱ्यांनी नियम सांगावा, तिसऱ्याने आकडे सांगावेत. एकमेकांना तोडून बोलू नये. दालनाबाहेर बसल्या बसल्या ही वाटणी पक्की करून घ्या.

आधी कार्यासनावर जा आणि नंतर वर. लोक उलटं करतात. पहिल्यांदा मंत्री, मग सचिव, आणि खाली यायला वेळच उरत नाही. कार्यासनावरचं बोलणं साधारण असं व्हावं:

“नमस्कार मॅडम, आम्ही नगरपरिषदेकडून आलोय. जावक क्रमांक हा, तारीख ही. प्रस्ताव आपल्याकडे पोचला का, एवढं बघायचं होतं.”

“पोचलाय. पण तांत्रिक मान्यतेची प्रत वाचता येत नाहीये.”

“स्पष्ट प्रत बरोबर आणलीय. आत्ता देऊ की पत्रासोबत टपालात?”

“टपालात द्या, आवक क्रमांक घ्या, आणि एक प्रत मला ईमेल करा.”

एवढंच. दहा मिनिटांत एक त्रुटी मिटली, आणि त्रुटीचं पत्र निघून गावात पोचून उत्तर परत येण्याचा सगळा फेरा वाचला. ई-ऑफिस आल्यापासून कागद कुठे आहे हे कळणं सोपं झालंय, पण त्यासाठी पावती क्रमांक किंवा फाइल क्रमांक हवा. तो घेतल्याशिवाय तिथून हलू नका.

मंत्र्यांचा शेरा

निवेदनावर मंत्र्यांनी लिहिलं की लोकांना वाटतं काम झालं. शेरा वाचायला शिका. ‘नियमानुसार कार्यवाही करावी’ याचा अर्थ नियमात बसलं तर करा, मी वेगळं काही सांगत नाही. ‘तपासून प्रस्ताव सादर करावा’ हे चांगलं आहे, आता विभागाला फाइल वर आणावीच लागेल. ‘तात्काळ सादर करावे’ याने वेग येतो. ‘मान्य’ असा शेरा निवेदनावर मिळाला तरी त्याला टिपणीवरच्या मंजुरीची किंमत नसते, कारण निवेदनामागे वित्तीय भार, तरतूद, अभिप्राय यातलं काहीच तपासलेलं नसतं. असा शेरा घेऊन कार्यासनावर जाऊन आवाज चढवला तर पुढचे सहा महिने तुमचा कागद सर्वांत वर राहील, ही आशा सोडा.

मंत्र्यांना भेटायचंच. त्यांची इच्छा नसेल तर चांगली टिपणीही रेंगाळते. पण त्यांच्याकडे काय मागायचं ते नेमकं ठरवा. ‘निधी द्या’ असं मागण्यापेक्षा ‘या विषयावर विभागाची बैठक लावा’ हे जास्त उपयोगी पडतं. बैठकीचं इतिवृत्त निघतं, आणि इतिवृत्तात आलेल्या निर्णयाला अधिकाऱ्यांना उत्तर द्यावं लागतं. इतिवृत्ताची प्रत मिळवा. त्यात तुमचा मुद्दा चुकीचा नोंदला असेल तर लगेच, लेखी कळवा.

पैशाचं कॅलेंडर

अर्थसंकल्प मार्चमध्ये मांडला जातो, म्हणून लोक फेब्रुवारीत येतात. तोवर उशीर झालेला असतो. विभागाचे अंदाज वित्त विभागाकडे जायला त्याच्या आधीच्या हिवाळ्यात सुरुवात होते. नव्या लेखाशीर्षाची किंवा वाढीव तरतुदीची मागणी गणपती संपले की कार्यासनावर पोचलेली असावी. ती संधी हुकली तर पुरवणी मागण्या, म्हणजे वर्षाच्या मधेच मागितलेली जादा तरतूद, आहेत. त्या पावसाळी आणि हिवाळी अधिवेशनात मांडल्या जातात, पण त्यांत जागा मिळवायलाही अधिवेशनाच्या बऱ्याच आधी विभागाने प्रस्ताव पाठवलेला असावा लागतो.

पुस्तकातली तरतूद आणि हातात येणारा पैसा यात अंतर असतं, कारण वित्त विभाग तरतुदीचा काही भागच वितरणासाठी खुला करतो. म्हणून अर्थसंकल्पाच्या पुस्तकात आपलं लेखाशीर्ष, विशेषतः २२१७ किंवा ३६०४ या प्रधान शीर्षाखालचं, स्वतः शोधा. किती तरतूद, गेल्या वर्षी किती खर्च झाला, किती परत गेला. ज्या शीर्षात पैसे परत जात आहेत तिथे मागणी ठेवली तर विभागालाही खर्च दाखवायला मदतच होते.

आमदार आणि सभागृह

मंत्रालयातलं दार बंद झालं की विधान भवनाचं दार ठोठवायचं, अशी पद्धत आहे. मी ती उलट वापरतो. सभागृहातला प्रश्न हा विभागाला ढकलण्यासाठी असावा, अपमान करण्यासाठी नसावा. तारांकित प्रश्नाला विभागाला लेखी उत्तर तयार करावं लागतं, आणि ते करताना तुमची फाइल बाहेर काढावी लागते. लक्षवेधी सूचनेवर मंत्री सभागृहात आश्वासन देतात, आणि दिलेल्या आश्वासनाचा पाठपुरावा करायला आश्वासन समिती असते. म्हणून आमदारांना लांबलचक कागद देऊ नका. प्रश्नाचं प्रारूप, दोन आकडे, आणि मंत्र्यांकडून नेमकं कोणतं वाक्य काढून घ्यायचं ते लिहून द्या. ‘किती दिवसांत निर्णय घेणार?’ हा उपप्रश्न सर्वांत मौल्यवान असतो.

विधान परिषदेतल्या ७८ जागांपैकी २२ जागा स्थानिक प्राधिकारी मतदारसंघाच्या आहेत. त्या आमदारांना निवडून देणारे मतदार म्हणजे मुख्यतः नगरसेवक आणि जिल्हा परिषद सदस्य. त्यांच्यावर स्थानिक संस्थांचा हक्क आहे, आणि तो हक्क विसरला जातो याचं मला मनापासून वाईट वाटतं. आपल्या मतदारसंघाचा आमदार असेल तेव्हा वर्षातून एकदा तरी जिल्ह्यातल्या सगळ्या नगराध्यक्षांनी मिळून त्यांच्यासमोर बसावं.

एकट्याने की मिळून?

इथे जकातीची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. नगरपरिषदांची जकात १९९९ मध्ये गेली. बदल्यात सहायक अनुदान सुरू झालं. ते किती, कधी आणि कितपत वाढवून द्यायचं, हे सरकारच्या आदेशांवर राहिलं. आज कित्येक लहान नगरपरिषदांचा पगाराचा खर्चसुद्धा त्यातून पुरता भागत नाही. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि मुंबई महापालिकेची जकात गेली. पण त्याआधी, मे २०१७ च्या विशेष अधिवेशनात, स्थानिक प्राधिकरणांना भरपाई देण्याचा स्वतंत्र कायदा राज्याने केला. दरवर्षी ८ टक्के वाढ त्या कायद्यातच धरलेली आहे. जुलैच्या पहिल्याच आठवड्यात मुंबईला ६४७ कोटींचा पहिला हप्ता मिळाला.

मुंबईचं उत्पन्न प्रचंड, तिच्यासाठी आवाज उठवणारे पक्ष मोठे, हे खरं. तरी या दोन घटनांतला फरक प्रत्येक नगराध्यक्षाने लक्षात घ्यावा. कायद्यात लिहिलेली रक्कम मागायला दरवर्षी यावं लागत नाही. जीआरमधली रक्कम दरवर्षी मागावी लागते. राज्य वित्त आयोगाची तरतूद संविधानाच्या कलम २४३-आय आणि २४३-वाय मध्ये आहे ती याचसाठी, की वाटणी एखाद्याच्या मर्जीवर राहू नये. आयोग नेमला जातो तेव्हा त्याच्यापुढे आपले लेखे, आपली तूट, आपली मागणी लेखी मांडण्याची संधी असते. त्या वेळी मात्र नगरपरिषदांकडून फार थोडे कागद जातात.

सहायक अनुदान, पाणीपुरवठ्याची वीजबिलं, रिक्त पदं, अधिनियमातली दुरुस्ती हे विषय एका गावाचे नाहीत. जिल्ह्यातल्या, जमल्यास विभागातल्या नगरपरिषदांनी एकाच नमुन्यात आकडे गोळा करावेत: अनुदान किती, पगार किती, फरक किती. एकच तक्ता, सगळ्या मुख्याधिकाऱ्यांच्या सह्या. वेगवेगळ्या पक्षांचे नगराध्यक्ष एका रांगेत बसलेले दिसले की सचिवांची बैठक निम्मी जिंकलेली असते. यात एक अडचण येते. सत्ताधारी पक्षाच्या नगराध्यक्षाला वाटतं, मी वेगळा गेलो तर माझं काम आधी होईल. होतंही कधी कधी. पण सामाईक विषयात असा एकजण फुटला की विभाग त्याला एक किरकोळ निधी देऊन मोठी मागणी बाजूला ठेवतो. म्हणून आधीच ठरवून घ्या: सामाईक विषयासाठी आलो तेव्हा कोणी खिशातून आपलं स्वतंत्र निवेदन काढायचं नाही.

पाठपुरावा: तारखांची वही

प्रत्येक फाइलची वेगळी नोंद ठेवा. कोणत्या तारखेला कुठे गेली, कोणाकडे आहे, काय म्हणाले, पुढे कधी विचारायचं. शासकीय कर्मचाऱ्यांच्या बदल्यांच्या कायद्यातच, म्हणजे २००५ च्या अधिनियमात, दप्तर दिरंगाईची तरतूद आहे. कोणत्याही कर्मचाऱ्याकडे फाइल सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त राहू नये. दुसऱ्या विभागाकडे न जाणाऱ्या प्रकरणात ४५ दिवसांत आणि दुसऱ्या विभागाचा अभिप्राय लागणाऱ्या प्रकरणात तीन महिन्यांत निर्णय व्हावा. हे कलम पहिल्याच भेटीत तोंडावर फेकू नका. दुसऱ्या स्मरणपत्रात, सौम्य शब्दांत, एका ओळीत लिहा. बहुतेक वेळा तेवढ्याने हालचाल होते.

तीही झाली नाही तर माहितीचा अधिकार आहे. अर्ज नागरिक म्हणून, व्यक्तीच्या नावाने करायचा, नगरपरिषदेच्या लेटरहेडवर नाही. टिपणीची प्रत मागा. टिपणी हातात आली की नेमका अडसर दिसतो: कधी वित्त विभागाचा एक प्रश्न, कधी अवर सचिवांनी विचारलेली आणि तुम्हाला कधी कळवलीच न गेलेली एक शंका. त्या शंकेचं उत्तर घेऊन दुसऱ्या दिवशी कार्यासनावर जा.

पैसे, कंत्राटदार आणि मध्यस्थ

आपल्याकडे अशी बाजू मांडणाऱ्यांच्या नोंदणीचा कायदा नाही. त्यामुळे आकाशवाणी आमदार निवासापासून मंत्रालयाच्या दारापर्यंत ‘काम करून देतो’ म्हणणारी माणसं भेटतात. २०१८ च्या दुरुस्तीनंतर भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियमाखाली लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. नगराध्यक्षाचं पद जातं, मुख्याधिकाऱ्याची नोकरी जाते, आणि गावाची फाइल तपास यंत्रणेच्या कपाटात जाऊन पडते.

याहून जास्त घात कंत्राटदाराच्या खर्चाने मुंबईला येण्यात आहे. गाडी त्याची, हॉटेल त्याचं, मग अंदाजपत्रकही त्याचंच असतं. अधिकारी ते ओळखतात. प्रस्तावातल्या दरांवरून, आग्रहाच्या पद्धतीवरून त्यांना लगेच कळतं की समोर गाव बोलतंय की ठेकेदार. प्रवासखर्च नगरपरिषदेच्या नियमांप्रमाणे काढा, सल्लागार नेमला असेल तर सभेत ठराव करून, ठरलेल्या मानधनावर नेमा. मंजूर निधीच्या टक्क्यावर काम करणारा सल्लागार कधीही ठेवू नका. त्याला मोठी मागणी करायची असते, गावाला योग्य मागणी करायची असते.

जीआर निघाल्यावर

शेवटी ‘महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने’ अशा ओळीखाली सही होऊन जीआर निघतो. तो त्याच दिवशी संपूर्ण वाचा. कामाचं नाव, प्रभाग, रक्कम, लेखाशीर्ष यात एक अक्षर चुकलं तरी कोषागारात बिल अडतं, आणि शुद्धिपत्रक काढायला पुन्हा तीच फाइल उघडावी लागते. मंजुरी आणि वितरण वेगळे असतात हे सभागृहाला समजावून सांगा. प्रशासकीय मान्यतेचा जीआर दाखवून निविदा काढायची आणि पैसे बीडीएसवर (निधी वितरणाच्या संगणक प्रणालीवर) यायचे राहिलेले, अशा कचाट्यात अनेक गावं सापडली आहेत.

अटींची यादी सभेपुढे ठेवा: काम किती महिन्यांत सुरू करायचं, स्वहिस्सा कधी भरायचा, पुढचा हप्ता कोणत्या टप्प्यावर मिळणार, छायाचित्रं कोणती लागणार. आणि पहिल्या हप्त्याचं उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसे ठरलेल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला, काम संपायची वाट न बघता, जसा खर्च होईल तसं तयार करत जा. पुढच्या वर्षी दुसरी मागणी घेऊन त्याच कार्यासनावर जाल तेव्हा फाइल उघडण्याआधी तुम्हाला हेच विचारलं जाईल.